फॅमिली डॉक्टर निवडावा कसा? पाटी, नोंदणी आणि पहिली भेट

घर बदलले, जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला किंवा गावी आईवडील दोघेच राहिले, की प्रश्न पडतो: आता ताप-खोकल्याला, बीपीच्या गोळ्यांना, मुलाच्या लसीला जायचे कुणाकडे? उत्तर बहुधा शेजारी देतात. ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ ‘गर्दी बघा केवढी असते.’ ‘एका इंजेक्शनात उभं करतात.’ त्या डॉक्टरांचे शिक्षण काय झाले आणि त्यांना कोणती औषधे देण्याचा अधिकार आहे, हे यांतल्या एकाही वाक्यातून कळत नाही. मेथीची जुडी सोडून आत कुजकी पाने आहेत का ते पाहणारे आपण, डॉक्टरची पाटी मात्र वरवर वाचून आत शिरतो.

ही माहिती मिळवणे अवघड नाही. बरीचशी उघड आहे, फुकट आहे, आणि काही तर दवाखान्यात लावून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पुढची कृती महाराष्ट्रातल्या नियमांना धरून लिहिली आहे. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी परिषदेचे नाव बदलायचे, आणि जिथे राज्याच्या कायद्याचा उल्लेख येईल तिथे आपल्याकडचा नियम पाहायचा.

लागणारा वेळ: एक संध्याकाळ आणि एक भेट.

लागणारे साहित्य: इंटरनेट असलेला फोन, वही-पेन, दवाखान्याच्या पाटीचा फोटो किंवा त्या डॉक्टरांची कुणाला तरी दिलेली चिठ्ठी, आणि घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची यादी.

कधी करावी: घरात कुणी आजारी नसताना. १०२ ताप असताना कुणी नोंदणी क्रमांक तपासत बसत नाही, आणि बसूही नये.

## पायरी १ : आधी घराची गरज लिहा

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या माणसांची नावे, वये आणि आजार लिहा. आईला मधुमेह, वडिलांना बीपी आणि गुडघे, मुलगी दीड वर्षाची, स्वतःला पित्त. या यादीवरून कसा डॉक्टर हवा ते ठरते. लहान मूल असेल तर लसी देणारा किंवा बालरोगतज्ज्ञाशी नीट संपर्क असलेला डॉक्टर लागेल. दोन वृद्ध एकटे राहत असतील तर पंचवीस किलोमीटरवरच्या नामवंतापेक्षा गल्लीतला, फोन उचलणारा आणि गरज पडली तर घरी येणारा डॉक्टर जास्त उपयोगाचा.

इथेच एक भेद लक्षात ठेवा. फॅमिली डॉक्टर म्हणजे पहिल्या पातळीवरचा डॉक्टर. त्याने दहा आजारांपैकी आठ स्वतः हाताळावेत आणि उरलेले दोन वेळेत ओळखून पुढे पाठवावेत, एवढी अपेक्षा. छातीत दाबल्यासारखे दुखणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, सर्पदंश, मोठा रक्तस्राव ही त्याच्याकडे नेण्याची कामे नाहीत. अशा वेळी १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे.

## पायरी २ : पाटी जशीच्या तशी उतरवून घ्या

फोटो काढणे सगळ्यांत सोपे. नाव, नावापुढची सगळी अक्षरे, नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याच्या वेळा, सगळे आले पाहिजे. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे, तसेच तो प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर छापणे आवश्यक आहे. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या आणि व्यावसायिक ज्ञान दाखवणारी पदविका, सन्मान एवढेच लावता येतात. नवी, अधिक कडक नियमावली २ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाली होती. पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. म्हणून २००२ चीच संहिता धरून चालायचे.

पाटीवर नोंदणी क्रमांकच नसेल तर वहीत तशी नोंद करा. एवढ्यावरून कुणाला भोंदू ठरवू नका. जुन्या, रंग उडालेल्या पाट्यांवर तो बरेचदा नसतो, चिठ्ठीवर असतो. पाटीवरही नाही आणि चिठ्ठीवरही नाही, तर मात्र पुढची पायरी दुप्पट काळजीने करायची.

## पायरी ३ : अक्षरे सोडवा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एमबीबीएस. आधुनिक वैद्यकाची मूळ पदवी. साडेचार वर्षे शिक्षण आणि १ वर्ष सक्तीची इंटर्नशिप. २०२१ च्या नियमांनुसार इंटर्नशिपचे ५२ आठवडे असे वाटलेले आहेत: सामाजिक वैद्यकाला १२, स्त्रीरोग व प्रसूतीला ७, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६, बालरोगाला ३, मानसोपचाराला २, त्वचारोगाला १, बाकीचे इतर विभागांत. म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या डॉक्टरला सगळ्याची तोंडओळख असते; सराव पुढे कुठे झाला ते विचारावे लागते.

एमडी किंवा एमएस. एमबीबीएसनंतरची ३ वर्षे. कंसात काय लिहिले आहे ते पाहा. एमडी (मेडिसिन) म्हणजे आपण ज्याला ‘फिजिशियन’ म्हणतो तो. एमडी (पॅथॉलॉजी) किंवा एमडी (ॲनेस्थेशिया) हेही तितकेच शिकलेले, पण रोजचे रुग्ण तपासणे हे त्यांचे खास क्षेत्र नव्हे. एमडी (आयुर्वेद) आणि एमडी (होमिओपॅथी) या आपापल्या शास्त्रांतल्या खऱ्या, रीतसर पदव्युत्तर पदव्या आहेत. पाटीवर कंस गाळून नुसते ‘एमडी’ लिहिले असेल, तर कशातले ते विचारा.

डीएनबी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी. एमबीबीएसनंतर ३ वर्षे रुग्णालयात राहून ती मिळवावी लागते. यात ‘फॅमिली मेडिसिन’ हा स्वतंत्र विषय आहे. त्यातला डॉक्टर मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी अशा विभागांतून फिरून शिकलेला असतो. तुमच्या भागात असा डॉक्टर असेल तर यादीत वर घ्या. आपल्याकडे ते अजून थोडेच आहेत.

डीसीएच, डीजीओ, डी.ऑर्थो वगैरे. अनुक्रमे बालरोग, स्त्रीरोग, अस्थिरोग यांतल्या साधारण २ वर्षांच्या पदविका. यांतल्या काही विद्यापीठांनी दिलेल्या, तर काही मुंबईत १९१२ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सने. या संस्थेच्या अभ्यासक्रमांची मान्यता काळानुसार बदलत गेली आहे. त्यामुळे ती पदविका परिषदेच्या नोंदीत चढली आहे का, हे पाहावे.

बीएएमएस, बीयूएमएस, बीएचएमएस. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या पदव्या. यांचाही कालावधी साडेपाच वर्षांचा, इंटर्नशिप धरून. ग्रामीण महाराष्ट्रात, आणि शहरांच्या कडेकडेच्या वस्त्यांतही, फॅमिली डॉक्टर बहुधा हेच असतात. शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रांतही बीएएमएस वैद्यकीय अधिकारी काम करतात.

मग ॲलोपॅथीची औषधे कोण देऊ शकतो? कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. १९६१ च्या राज्य कायद्याच्या आणि पुढच्या अधिसूचनांच्या आधारे महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. राज्य सरकार अशी मुभा देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मान्य केले. होमिओपॅथीचे तसे नाही. १९९६ साली मुंबईतल्या एका खटल्यात, तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरला सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे त्या निकालाचे सूत्र होते. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा १ वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम (सीसीएमपी) केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित परवानगी दिली. तो वाद न्यायालयात गेला आहे आणि २०२५ मध्ये पुन्हा रस्त्यावरही आला. तुमच्यापुरते सांगायचे तर: बीएचएमएस डॉक्टर ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहून देत असतील, तर त्यांनी सीसीएमपी केले आहे का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सीजीओ, सीसीएच, पीजीडीईएमएस, मधुमेहाची प्रमाणपत्रे, फेलोशिप. हे छोटे अभ्यासक्रम. डॉक्टर शिकत राहतात याची ही खूण म्हणून चांगलीच. पण त्यामुळे कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा मधुमेहतज्ज्ञ होत नाही. संबंधित शाखेची खास पात्रता नसताना तज्ज्ञ म्हणवून घेणे २००२ च्या आचारसंहितेत गैरवर्तन ठरवले आहे.

‘फिजिशियन अँड सर्जन’, ‘जनरल फिजिशियन’. या पदव्या नाहीत. जुन्या रिवाजाने साधा एमबीबीएसही पाटीवर असे लिहितो, आणि इतर शाखांचे डॉक्टरही लिहितात. त्यावरून एमडी किंवा एमएस समजू नका.

‘आरएमपी’, ‘आयुर्वेद रत्न’, ‘वैद्य विशारद’, इलेक्ट्रोपॅथीच्या पदव्या. इथे थांबा. ‘आरएमपी’ ही पदवीच नव्हे. कायद्याच्या भाषेत कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला तसे म्हणतात. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘रत्न’ आणि ‘विशारद’ या पदव्या १९६७ नंतर वैद्यकीसाठी ग्राह्य नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. इलेक्ट्रोपॅथीची नोंद पुढे सांगितलेल्या तिन्ही परिषदांपैकी एकीतही होत नाही.

एलसीपीएस, एलसीईएच, जीएफएएम, डीएचएमएस. ही अक्षरे पाहून दचकू नका. जुन्या काळचे हे रीतसर अभ्यासक्रम आहेत. सत्तरी ओलांडलेल्या डॉक्टरांच्या पाटीवर ती दिसतील. नोंदणी चालू असली की झाले.

## पायरी ४ : नोंदणी तपासा

पदवी विद्यापीठ देते, पण व्यवसायाचा परवाना परिषद देते. महाराष्ट्रात फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत तीन परिषदा लक्षात ठेवायच्या:

१. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद: एमबीबीएस आणि त्यापुढचे. १९६५ च्या कायद्याने चालते.

२. महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद: बीएएमएस, बीयूएमएस. १९६१ चा कायदा.

३. महाराष्ट्र होमिओपॅथी परिषद: बीएचएमएस. मूळ कायदा १९५९ चा.

गोव्यात गोवा वैद्यकीय परिषद आहे. बेळगाव-निपाणीकडच्यांनी कर्नाटकाची, इंदूरकरांनी मध्य प्रदेशाची परिषद पाहायची. डॉक्टर दुसऱ्या राज्यातून इथे आले असतील, तर त्यांनी इथल्या परिषदेत नोंदणी केली आहे का, तेही पाहा.

आता फोन हातात घ्या.

- शोधयंत्रात परिषदेचे नाव टाकून तिचे अधिकृत संकेतस्थळ उघडा आणि डॉक्टर शोधण्याच्या रकान्यात नोंदणी क्रमांक टाका. नावापेक्षा क्रमांकाने शोधणे केव्हाही बरे. पाटील आणि कुलकर्णी शेकड्याने सापडतात.
- निघालेल्या नोंदीत चार गोष्टी पाहा: पूर्ण नाव, पात्रता, नोंदणीचे वर्ष आणि ती कधीपर्यंत वैध आहे.
- एमबीबीएस डॉक्टर तिथे सापडले नाहीत, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर देशभराची नोंदवही आहे. तिथे नाव, क्रमांक आणि राज्य टाकून शोधता येते. आयोगाने आधारशी जोडलेली एक नवी नोंदवही २०२४ मध्ये सुरू केली; तिच्यात अजून सगळे डॉक्टर आलेले नाहीत. तेव्हा तिथे नाव नसणे हा दोष मानू नका.
- दवाखान्यात परिषदेचा क्यूआर कोड लावलेला असेल तर स्कॅन करा. उघडणारे पान परिषदेच्याच संकेतस्थळाचे आहे ना, हे आधी बघा. कोड कुणीही छापू शकतो.

नोंद सापडली नाही तर घाई करू नका. स्पेलिंग बदलून बघा. डॉक्टरीणबाईंची नोंद माहेरच्या नावाने असते आणि पाटी सासरच्या नावाची, हे फार वेळा घडते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या अलीकडच्या क्रमांकांत वर्ष आणि महिना आधी येतो, जुन्या नोंदींना नुसता आकडा असतो. एखादा आकडा उतरवताना चुकला असेल. तरीही सापडले नाही तर परिषदेला ईमेलने किंवा पत्राने विचारा.

मुदत संपलेली दिसली तर? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी त्या काळात किमान ३० तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण दाखवावे लागते. काही महिन्यांचा उशीर कागदपत्रांमुळे झालेला असू शकतो. कित्येक वर्षे नूतनीकरण नसेल तर डॉक्टरांनाच सरळ विचारा. उत्तर टाळले गेले तर दुसरा दवाखाना बघा.

## पायरी ५ : सालांचा मेळ घाला

नोंदीतली वर्षे एकमेकांशी जुळतात का ते पाहा. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण त्यातून बरेच उघड होते.

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्याआधीच्या पदव्या मुंबई, पुणे, नागपूर, शिवाजी अशा विद्यापीठांच्या असणार. कुणी १९९४ ची नाशिकची पदवी सांगत असेल तर कुठेतरी गडबड आहे. कराड, लोणी, सावंगी-वर्धा, पुणे इथल्या काही खासगी संस्था पुढे अभिमत विद्यापीठे झाल्या. त्यांच्या पदव्या त्यांच्याच नावाने असतात.

परदेशात एमबीबीएस केलेल्या डॉक्टरांबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी असते. रशिया, चीन, फिलिपाइन्स इथून आलेल्यांना २००२ पासून इथली चाळणी परीक्षा द्यावी लागते. ३०० गुणांपैकी १५० मिळाले तरच पुढचा रस्ता मोकळा होतो, आणि मग कायम नोंदणी. परिषदेच्या नोंदवहीत त्यांचे कायम नाव असेल, तर ते या चाळणीतून गेलेले आहेत. पदवी कुठल्या देशातली, यावर मग अडून बसू नये.

पदवी आणि दवाखाना सुरू होण्याचे वर्ष यांत अंतर असेल तर ते चांगले की वाईट, हे पुढच्या पायरीत कळेल.

## पायरी ६ : मधली वर्षे कुठे गेली ते विचारा

एमबीबीएस झाल्यावर सरळ दवाखाना उघडला, की आधी कुठे काम केले? फॅमिली डॉक्टरची खरी घडण याच वर्षांत होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना राज्यात १ वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होते. तिथे सर्पदंश, विंचूदंश, बाळंतपण, साथीचा अतिसार, शवविच्छेदन, सगळे एकट्याच्या अंगावर येते. काहींनी मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून रात्रपाळ्या काढलेल्या असतात. काहींनी एखाद्या मुरलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांच्याच दवाखान्यात उमेदवारी केलेली असते. बीएएमएस डॉक्टरांपैकी काही जण १०८ रुग्णवाहिकेवर राहून आलेले असतात. आणीबाणी ओळखण्याची सवय त्यांना तिथे लागते.

हे विचारायचे कसे? उलटतपासणीचा सूर नको. दवाखान्यात गर्दी नसलेली वेळ निवडा. संभाषण साधारण असे चालेल:

“डॉक्टर, आम्ही इथे नवीनच राहायला आलोय. आई-बाबांसाठी कायमचा डॉक्टर शोधतोय. तुमचं शिक्षण कुठं झालं?”

“मिरजेला. मग दोन वर्षं तासगावला ग्रामीण रुग्णालयात होतो.”

“शुगरचे पेशंट तुम्हीच बघता, की पुढं पाठवता?”

“साध्या गोळ्यांवर असतील तर मीच बघतो. इन्सुलिन सुरू करायचं झालं, किडनीचे रिपोर्ट बिघडले, तर फिजिशियनकडं चिठ्ठी देतो.”

“आणि रविवारी, रात्री काही झालं तर?”

“फोन करा. मी गावात नसेन तर कुणाकडं जायचं ते सांगून ठेवतो.”

अशा उत्तरांतून पदवीइतकीच महत्त्वाची गोष्ट कळते: या माणसाला आपल्या कामाची हद्द माहीत आहे. उलट ‘सगळं आपल्याकडंच होतं, कुठं जायची गरज नाही’ असे उत्तर आले, तर वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवा. शिक्षणाबद्दल विचारल्यावर चांगला डॉक्टर सहसा रागावत नाही; कॉलेजचे नाव निघाले की बहुतेक जण खुलतातच.

## पायरी ७ : साध्या कामासाठी पहिली भेट

निवडलेल्या एक-दोन डॉक्टरांकडे किरकोळ कामासाठी जाऊन या: बीपी तपासणे, चालू गोळ्यांचा आढावा, धनुर्वाताची लस. या भेटीत शिक्षण कामात उतरले आहे का, ते पाहायचे.

- विचारपूस. आधीचे आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी, तंबाखू-मिश्री, घराण्यातला मधुमेह हे विचारले का? केसपेपरवर लिहिले का?
- तपासणी. बीपी घेताना तुम्हाला काही मिनिटे शांत बसू दिले का? हात हृदयाच्या उंचीवर ठेवला का? आकडा जास्त निघाल्यावर पुन्हा मोजला का? जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा पहिला आकडा धरून आयुष्यभराची गोळी सुरू करू नये.
- सांगणे. आजार काय वाटतो, काय झाले तर परत यायचे, आणि गोळी किती दिवस, हे तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितले का?
- फ्रीज. लसी ठेवत असतील तर फ्रीजला तापमापी हवा. बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सियस लागते. दूध आणि लस एकाच फ्रीजमध्ये दिसले तर लसीसाठी सरकारी केंद्र गाठा.
- फी. विचारल्यावर स्पष्ट सांगितली का? सेवा देण्याआधी फी सांगावी, हेही आचारसंहितेत आहे.

सलाईनचा आग्रह कुणाचा आहे, तेही बघा. अशक्तपणा वाटतो म्हणून लावल्या जाणाऱ्या ५०० मिलिलिटरच्या ग्लुकोज-सलाईनच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. खाता-पिता येणाऱ्या माणसाला ते लिंबू सरबतातून मिळते. रुग्ण मागतो म्हणून सलाईन लावणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे म्हणून समोरचे पैसे सोडणारा डॉक्टर भेटला तर त्याला धरून ठेवा.

## पायरी ८ : चिठ्ठी वाचा

घरी येऊन चिठ्ठी टेबलावर पसरा. तिच्यावर या गोष्टी हव्यात: डॉक्टरांचे नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक, पत्ता, तारीख, तुमचे नाव आणि वय, औषधाचे नाव, मात्रा, दिवस. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक, नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम २०१६ पासून आहे.

मग औषधे मोजा. साध्या सर्दीला पाच-सहा औषधे, त्यांत प्रतिजैविक आणि स्टेरॉइड? सर्दी बहुतेकदा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. ‘एका इंजेक्शनात उभं करतात’ या कीर्तीमागे पुष्कळदा स्टेरॉइड किंवा वेदनाशामकाचे इंजेक्शन असते. एकदा घेतल्याने बिघडेलच असे नाही, पण मधुमेही आईला दर महिन्याला स्टेरॉइड मिळत असेल तर साखर वर जाते आणि कारण कुणालाच कळत नाही.

चिठ्ठीच न देता कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देणारे दवाखाने अजून आहेत. ‘डॉक्टर, औषधांची नावं लिहून द्याल का? बाबांच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालतात का ते बघायचंय,’ असे म्हणा. नाव लिहून द्यायला नकार आला, तर बाकी पदव्या कितीही असोत, तो डॉक्टर तुमच्या घरासाठी नाही.

## पायरी ९ : पुढे कसे पाठवतात ते पाहा

वर्ष-सहा महिन्यांत कधीतरी तज्ज्ञाकडे जायची वेळ येईल. तेव्हा दोन गोष्टी तपासा.

पहिली, चिठ्ठीत मजकूर आहे का. आतापर्यंत काय लक्षणे दिसली, काय दिले, कशाची शंका आहे, हे चार ओळींत लिहिलेले असावे. नुसत्या व्हिजिटिंग कार्डावर सही करून पाठवणे म्हणजे पाठवणी नव्हे.

दुसरी, निवडीचे स्वातंत्र्य. ‘याच लॅबमध्ये, याच सोनोग्राफीवाल्याकडे’ असा हट्ट असेल तर कारण विचारा. कारण दर्जाचे असू शकते. पण रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे आचारसंहितेने निषिद्ध आहे. या ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ साली तयार झाला होता; तो कायदा झाला नाही. तोवर ‘मी दुसरीकडे तपासणी केली तर चालेल ना?’ हा प्रश्न तुमच्या हातात आहे.

## पायरी १० : फाइल करा, डॉक्टर धरून ठेवा

निवड झाली की प्रत्येकाची एक फाइल करा: चिठ्ठ्या तारखेप्रमाणे, रिपोर्ट, लसींचे कार्ड. फाइलच्या आतल्या पानावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि त्याची वैधता लिहा. रुग्णालयात दाखल झालात, तर कागदपत्रे मागितल्यावर ती ७२ तासांत द्यायची असतात. त्यांच्या प्रती याच फाइलमध्ये लावा.

आणि मग दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलू नका. वडिलांचे बीपी दोन वर्षांपूर्वी किती होते, कुठल्या गोळीने पाय सुजले, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा सल्ला नव्या जागी मिळणाऱ्या सल्ल्यापेक्षा बहुधा सरस ठरतो.

## संशय खरा निघाला तर

नोंदणी कुठेच सापडत नाही आणि दवाखाना जोरात चालला आहे, असे दिसले तर व्हॉट्सॲपवर बदनामी करत बसू नका. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. चिठ्ठीची आणि पाटीच्या फोटोची प्रत जोडा आणि पोच घ्या. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. नोंदणीशिवाय आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केल्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार १ वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

डॉक्टर नोंदणीकृत आहेत, पण वागणूक किंवा उपचार चुकले असे वाटत असेल, तर तक्रार त्यांच्या परिषदेकडे जाते. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जायचे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले. मुदत २ वर्षांची आहे.

## शेवटचा हिशेब

तीन रकाने करून गुण द्या. नोंदणी: चालू आहे किंवा नाही, इथे मधले उत्तर नसते, आणि ‘नाही’ आले तर पुढचे रकाने भरायची गरज नाही. पात्रता: जी औषधे देतात ती देण्याचे शिक्षण आणि अधिकार आहेत का. वागणूक: तपासतात का, लिहून देतात का, वेळेवर पुढे पाठवतात का. पहिले दोन रकाने भरलेले दोन डॉक्टर समोर असतील तर तिसऱ्या रकान्यावरून निवडा. भरपूर तपासणारा, कमी औषधे लिहिणारा बीएएमएस किंवा एमबीबीएस डॉक्टर, मान वर न करता सहा गोळ्या लिहिणाऱ्या एमडीपेक्षा घराला जास्त उपयोगी पडतो.

आज घरात कुणाला ताप नसेल, तर आजच बसा. आईवडील गावी असतील तर त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागवा आणि पहिले काम म्हणून तिच्यावरचा नोंदणी क्रमांक तपासा.